डाळिंबी फुलपाखरू : एका ऑडिओ भागाच्या कामाची वही

२६ ऑगस्ट

मालिकेतला सहावा भाग. विषय पक्का : जीजी मेरोनी, इटलीचा फुटबॉलपटू, राइट विंगर. जन्म कोमो, २४ फेब्रुवारी १९४३. मृत्यू तोरिनो (इंग्रजीत ट्युरिन), १५ ऑक्टोबर १९६७. वय २४. भाग १५ ऑक्टोबरला टाकायचा, म्हणजे हातात सात आठवडे. लांबी २५ मिनिटं, वर एक मिनिटही नको. मागचा भाग ३८ मिनिटांचा झाला आणि निम्म्या लोकांनी मधेच बंद केला.

आण्णांना नाव सांगितलं. आण्णा म्हणजे वडील. तरुणपणी कोल्हापुरात पेठेच्या संघातून राइट आऊट खेळले, मग इचलकरंजीत येऊन जन्मभर माग चालवले. म्हणाले, "जीजी? शाहीर हाय का काय? जी रं जी जी?"

नाव लुइजी, लाडाचं जीजी. पण आता मला ते नाव साध्या आवाजात घेता येईना, दर वेळी मागे डफ ऐकू येतो.

३० ऑगस्ट

पहिला खर्डा झाला आणि रात्रीच फाडला.

सुरुवात अपघातापासून केली होती. सगळेच तशी करतात, कारण या गोष्टीत योगायोग मुठीमुठीने सापडतात. ज्या गाडीने मेरोनीला उडवलं ती चालवणारा १९ वर्षांचा पोरगा तोरिनो क्लबचाच भक्त, मेरोनीचाच चाहता. पुढे २००० साली तोच पोरगा, अत्तिलिओ रोमेरो, त्याच क्लबचा अध्यक्ष झाला. शिवाय ४ मे १९४९ ला सुपेर्गाच्या टेकडीवर तोरिनोचा अख्खा संघ घेऊन जे विमान कोसळलं, ३१ माणसं गेली, त्याच्या वैमानिकाचं नाव काय? पिएरलुइजी मेरोनी. नात्याने कोणी नाही, नाव तेवढं तेच.

आवाजाचं काम बघणारा मित्र म्हणाला, "अरे, हे तर सिनेमासारखं आहे." तेच तर दुखणं. तीन मिनिटं झाली तरी माझ्या मेरोनीने बॉलला पाय लावला नव्हता. नुसता मरत होता.

नियम केला : अपघात अठराव्या मिनिटाच्या आधी नाही. वैमानिकाचं नाव गाळलं. रोमेरोचं काय करायचं ते नंतर बघू.

३ सप्टेंबर

बालपण. जीजी दोन वर्षांचा असताना वडील गेले. आई रोझा विणकर. तीन मुलं : चेलेस्तिनो, जीजी, मारिया. कोमो म्हणजे तळ्याकाठचं रेशमाचं गाव. जीजीचं पहिलं काम रेशमी टायांवरच्या नक्ष्या काढण्याचं. फुटबॉल चर्चच्या आवारात, सान बार्तोलोमेओच्या अंगणात. तिथून कोमोचा संघ, तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीत खेळायचा.

लिहिताना लक्षात आलं की पुढची सगळी चित्रकला, स्वतःचे कपडे स्वतः बेतणं, हे 'कलंदर फुटबॉलपटूचे चाळे' म्हणून सांगितलं जातं. पण विणकराच्या घरातल्या, डिझाइनच्या कागदावर हात बसलेल्या पोराने स्वतःचा कोट स्वतः काढला तर नवल काय? आमच्याकडे माग चालवणाऱ्यांची पोरं लग्नात साडीचा पदर पालथा करून बघतात, नवरी नंतर.

इथे मागाचा आवाज टाकावा असं मित्राचं म्हणणं. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेतच, फोन धरला की झालं. काल रात्री रेकॉर्डही केला. खडखडाट एवढा की खिडकीची काच थरथरलेलीही त्यात आलीय. ऐकून आण्णा म्हणाले, "ह्यो आपला माग हाय. रेशमाचा असा वाजंल व्हय?"

खरंय. इचलकरंजीचा सुती यंत्रमाग कोमोच्या रोझाच्या गळ्यात बांधणं म्हणजे खोटेपणा. काढला. तिथे नुसती शांतता, दोन सेकंद.

७ सप्टेंबर

जेनोआ क्लब, १९६२ ते ६४. इथे आटोपतं घ्यायचं. दोन गोष्टी पुरेत.

एक, उत्तेजक चाचणी. त्या चाचण्या तेव्हा नव्यानेच आल्या होत्या. मेरोनी एकदा चाचणीला गेलाच नाही, म्हणे विसरलो. त्याला ५ सामन्यांची बंदी. हे गाळायचा मोह होतो, कारण माणूस लोकांना आवडायला हवा. गाळत नाही. अवघं अर्धं मिनिट लागतं.

दोन, १९६४ साली जेनोआने त्याला तोरिनोला विकलं तेव्हा शहर पेटलं. आकडा ३० कोटी लिरा सांगतात. लिराचे रुपये करायला बसलो होतो. अर्धा तास गेला आणि हाती काही लागलं नाही. ऐकणाऱ्याला कळायला हवं ते एवढंच, की २१ वर्षांच्या पोरासाठी तेव्हा ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती.

१२ सप्टेंबर

आजचा दिवस एका शब्दात गेला आणि मजेत गेला.

तोरिनोच्या जर्सीच्या रंगाला इटालियनमध्ये 'ग्रानाता' म्हणतात. इंग्रजी लेख बघून मी पहिल्या खर्ड्यात 'मरून' लिहिलं होतं. 'मरून' मराठी कानाला कसलं भयाण लागतं! 'मरून रंगाचा जीजी मेरोनी' वाचताना माझंच मला हसू आलं, मग हसू मावळलं. मग 'किरमिजी' केला. तो लावणीतला वाटला. मग शब्दाच्या मुळाशी गेलो तर ग्रानाता म्हणजे लॅटिनमधल्या दाणेदार फळाचा रंग. डाळिंब! आपल्याकडे शब्द तयारच होता, डाळिंबी. लुगड्यांच्या दुकानात रोज वापरतात.

मेरोनीचं टोपणनाव 'ला फार्फाल्ला ग्रानाता'. म्हणजे डाळिंबी फुलपाखरू. भागाचं नाव मिळालं.

आण्णांना दाखवलं. म्हणाले, "फुलपाखरू म्हंजे नाजूक असंल. बॅक लोकांनी तुडवला असंल की." तुडवायचेच. हा मोजे खाली सोडून, नडगीला पॅड न लावता खेळायचा. साठच्या दशकातली इटली, जिथे बचावाच्या पद्धतीचं नावच 'कातेनाच्चो', म्हणजे दाराचा अडसर. आणि तोरिनोचा प्रशिक्षक नेरेओ रोक्को, त्या अडसराचा एक मूळ सुतार. त्याच्याच संघात हा उघड्या नडग्यांचा पोरगा.

१५ सप्टेंबर

लाइट नाही. काम नाही.

१९ सप्टेंबर

सान सिरोचा, म्हणजे मिलानच्या स्टेडियममधला गोल. २५ पैकी ३ मिनिटं याला द्यायची, कोणी काही म्हणो.

१२ मार्च १९६७, रविवार, मिलान. समोर प्रशिक्षक हेलेनिओ हेरेराचा इंटर, मिलानचा क्लब. १९६४ आणि ६५, दोनदा युरोपचा चषक जिंकलेला. घरच्या मैदानावर तीन वर्षं हरलेला नाही. मेरोनीला धरून फाक्केत्ती, डावा बॅक, उंचापुरा, पुढे इटलीचा कप्तान झालेला.

लिहिलं, वाचलं, मेलं. 'त्याने हुलकावणी दिली आणि चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात गेला.' बातमीपत्र! शेवटी आण्णांना स्वयंपाकघरात बोलावलं. जमिनीवर मसाल्याचा डबा ठेवला, तो गोलपोस्ट. गोलरक्षक सार्ती म्हणजे मिठाची बरणी. फाक्केत्तीच्या जागी उभा तांब्या. मेरोनी म्हणजे लिंबू.

आण्णांनी लिंबू उचललं आणि विचारलं, "तांब्या कुठल्या पायावर हाय?" मी गप्प. "आरं, हुलकावणी बॉलनं देत न्हाईत. बॅकचा कुठला पाय जड झालाय ते बघायचं, आन् त्या अंगानं निघायचं. जड पाय उचलाय येळ लागतोय." मग त्यांनी लिंबू तांब्याच्या डावीकडे नेतोय असं दाखवलं, मनगट वळवलं आणि उजवीकडून काढलं. ऐंशीच्या घरातला माणूस. तांब्या मी धरला होता, आणि देवाशप्पथ, माझा हात चुकीच्या बाजूला गेला.

मग शेवटचा भाग. मेरोनीने फटका जोरात मारला नाही. उचलला, वळवला. चेंडू सार्तीच्या वरून तरंगत गेला आणि पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात उतरला. तोरिनो २, इंटर १. तीन वर्षांचं कुलूप उघडलं ते असं, लाथ न घालता.

आता स्क्रिप्टमध्ये 'जड पाय' आहे. हा शब्द आण्णांचा, श्रेयनामावलीत त्यांचं नाव टाकायचं.

(लिंबू आईने सरबतात पिळलं.)

२४ सप्टेंबर

केस.

आज ते फोटो बघताना वाटतं, यात काय होतं? कानावर आलेले केस, कधी दाढी-मिशी. पण १९६५-६६ ची इटली. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक एदमोन्दो फाब्री म्हणाला, संघात यायचं तर केस काप. मेरोनी नाही म्हणाला. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले. शेवटी संघात आला. एकूण ६ आंतरराष्ट्रीय सामने, २ गोल.

१९६६ चा विश्वचषक, इंग्लंड. चिलीला २-० हरवलं. सोव्हिएत संघाशी ०-१ हरले, यात मेरोनी खेळला. तिसरा सामना १९ जुलैला मिडल्सब्रोत, उत्तर कोरियाशी. मेरोनी बाहेर. पाक दू-इकचा गोल, इटली घरी. जेनोआच्या विमानतळावर टोमॅटोंनी स्वागत. निर्णायक सामन्यात जो मैदानात पाऊलही टाकू शकला नाही, त्याच्या केसांचाही पराभवाच्या हिशेबात उद्धार झाला. आपल्याकडेही मॅच हरली की कोणाची तरी जाहिरात नाहीतर कोणाची तरी बायको आठवतेच.

गंमत पुढे आहे. नोकरी गेल्यावर हाच फाब्री १९६७ साली तोरिनोचा प्रशिक्षक म्हणून आला. म्हणजे मेरोनीचा शेवटचा प्रशिक्षक तोच. हे वाक्य सावकाश म्हणायचं आणि त्यावर काही भाष्य करायचं नाही.

२९ सप्टेंबर

१९६७ चा उन्हाळा. तोरिनो शहरातलाच दुसरा क्लब युव्हेंतस, त्याने मेरोनीसाठी ७५ कोटी लिरांची बोली लावली. तोरिनोचा अध्यक्ष ओर्फेओ पियानेल्ली तयार. युव्हेंतस आन्येल्लींचं, फियाटही आन्येल्लींची, आणि फियाटचे कितीतरी कामगार तोरिनोचे भक्त. दिवसभर ज्या मालकाची गाडी जोडायची, रविवारी त्याच्याच क्लबविरुद्ध घसा फोडायचा, आणि आता तोच मालक आपला सात नंबरही उचलणार? लोक रस्त्यावर उतरले, कारखान्यात धुसफूस झाली, पियानेल्लीच्या दारात गर्दी. सौदा मोडला.

हा परिच्छेद मी तीनदा लांबवला आणि तीनदा छाटला. मागाच्या गावात वाढलेल्याला या प्रसंगात फुटबॉलपेक्षा बरंच काही दिसतं, पण ते माझं झालं. भाग मेरोनीचा आहे.

३ ऑक्टोबर

क्रिस्तियाना. जत्रेतल्या खेळवाल्यांच्या घरातली मुलगी. जेनोआत असताना हिची नेमबाजीच्या स्टॉलवर गाठ पडली. मधे तिचं दुसरीकडे लग्न झालं, ते टिकलं नाही, ती जीजीकडे आली. दोघं तोरिनोत पियाझ्झा व्हित्तोरिओवरच्या माळ्यावरच्या खोलीत राहू लागले. ही खोली म्हणजे 'मान्सार्दा', उतरत्या छपराखालची. 'पेंटहाउस' म्हटलं तर श्रीमंती वाटते, 'माळा' म्हटलं तर अडगळ. 'छपराखालची खोली' ठेवलं. तिथे तो चित्रं काढायचा. जुनी, तिसाच्या दशकातली फियाट बालिल्ला चालवायचा. कोमोच्या रस्त्यावर कोंबडीला दोरी बांधून फिरवली म्हणून सांगतात. कोंबडी दहा सेकंद. त्याहून जास्त दिलं तर भाग कोंबडीचा होतो.

महत्त्वाचं हे : इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो डिसेंबर १९७० मध्ये आला. म्हणजे कागदावर ती दुसऱ्याची बायको, आणि हे दोघं 'पापात' राहणारे. क्रिस्तियानाबद्दल लिहिताना 'प्रेयसी' नको, 'मैत्रीण' नको. बघू. 'क्रिस्तियाना' एवढंच पुरतंय.

७ ऑक्टोबर

अठरावं मिनिट आलं.

कोरडं लिहायचं ठरवलं होतं, तसंच लिहिलं. रविवार, १५ ऑक्टोबर १९६७. दुपारी घरच्या मैदानावर तोरिनोने साम्पदोरियाला ४-२ हरवलं. संध्याकाळी मेरोनी आणि त्याचा मित्र, संघातला बॅक फाब्रित्सिओ पोलेत्ती, कोर्सो रे उंबेर्तो हा रुंद रस्ता ओलांडत होते. पलीकडे नेहमीचा बार. (इथे 'बार' म्हटलं की आमच्याकडे परमिट रूम! 'कॅफे' केलं. नाहीतर दारूचा विषय नसताना ऐकणारा दारूचा अर्थ लावणार.) रस्त्याच्या मधोमध दोघं थांबले. गाडी येताना बघून एक पाऊल मागे सरले. मागून फियाट १२४ कूपे आली. पोलेत्तीला निसटता धक्का. मेरोनी फेकला गेला तो पलीकडच्या लेनमध्ये, तिथे दुसरी गाडी, लान्चा आप्पिया. रात्री १०.४० च्या सुमारास मौरित्सियानो रुग्णालयात गेला.

'नियती' हा शब्द दोनदा टंकला, दोनदा खोडला.

रेकॉर्ड करताना 'एक पाऊल मागे' वर आवाज अडकला. आयुष्यभर बचावपटूंच्या दिशेने पुढे धावलेला माणूस. असलं वाक्य लगेच सुचतं आणि लगेच छान वाटतं, म्हणूनच घेतलं नाही.

९ ऑक्टोबर

अंत्ययात्रा. सुमारे २०,००० माणसं. ले नुओव्हे तुरुंगातल्या कैद्यांनी वर्गणी काढून फुलं पाठवली. चर्चच्या वरिष्ठांना हा 'पापी' माणूस मान्य नव्हता, तरी संघाचे धर्मगुरू दोन फ्रान्चेस्को फेर्राउदो यांनी विधी केले. ('दोन' हा आकडा नव्हे, पाद्र्यांना लावायचा मान. पहिल्या वाचनात मित्राने विचारलं, दुसरा फ्रान्चेस्को कोण? 'फादर' केलं.)

मग २२ ऑक्टोबर. आठवड्याने डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांचा सामना, समोर युव्हेंतस, चालू विजेते. हेलिकॉप्टरमधून उजव्या बगलेवर, त्याच्या जागेवर, फुलं टाकली. नेस्तोर कोंबिन, मेरोनीचा मित्र, अर्जेंटिनात जन्मलेला, फ्रान्सकडून खेळलेला, पूर्वी युव्हेंतसचाच. त्या दिवशी अंगात ताप, आणि ३ गोल. चौथा कारेल्लीने केला, मेरोनीचा ७ नंबर घालून. ४-०.

इथे संगीत नको. मित्र नाराज. त्याने व्हायोलिन शोधून ठेवलं होतं. मी म्हटलं, ४-० ला व्हायोलिन लागत नाही.

आणि रोमेरो. तीन पर्याय होते. शेवटी ठेवला तर टाळी मिळते आणि मेरोनी पुन्हा गायब होतो. गाळला तर लोक म्हणणार, याला माहीतच नाही. म्हणून दोन वाक्यांत, अपघाताच्या लगेच नंतर, अंत्ययात्रेच्या आधी : गाडी चालवणारा मुलगा १९ वर्षांचा होता आणि मेरोनीचा चाहता होता. मोठेपणी तो तोरिनोचा अध्यक्ष झाला, आणि २००५ साली क्लब दिवाळखोरीत गेला तेव्हाही तोच अध्यक्ष होता. पुढे चला. त्या पोरालाही पुढे जगायचं होतंच.

१२ ऑक्टोबर

सलग रेकॉर्डिंग, पहाटे चार ते साडेपाच. माग बंद असण्याची तेवढीच वेळ. गोधडी डोक्यावरून घेऊन. दोनदा कोंबडा आला (मेरोनीच्या कोंबडीच्या जागी आला असता तर ठेवला असता). 'कोर्सो रे उंबेर्तो' सहा वेळा. एकूण २४ मिनिटं ५० सेकंद.

१४ ऑक्टोबर

आण्णांना शेवटची फाइल ऐकवली. डोळे मिटून ऐकली, 'जड पाय' आला तेव्हा डोळे उघडले, परत मिटले. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, जीजीबद्दल काहीतरी बोलतील.

"त्याच्या जोडीला हुता त्या पोराचं काय झालं?"

पोलेत्ती. मी त्याला धक्का देऊन रस्त्यातच उभा सोडला होता. अंत्ययात्रेत नाही, डर्बीत नाही, कुठेच नाही. सगळ्या कहाण्यांत रोमेरोचं पुढे काय झालं ते असतं. जो शेजारी उभा होता, हातभर अंतरावर, त्याचं कोणी विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं.

शोधलं. १७ जून १९७०, मेक्सिको सिटी, अझ्टेका, विश्वचषकाची उपांत्य फेरी, इटली विरुद्ध पश्चिम जर्मनी. जादा वेळ सुरू होताना रोझातोच्या जागी आत आलेला बदली खेळाडू : फाब्रित्सिओ पोलेत्ती. आल्याआल्याच त्याच्या आणि गोलरक्षक आल्बेर्तोसीच्या गोंधळातून ग्येर्ड म्युलरने गोल काढला, जर्मनी २-१. आणि तरी इटली ४-३ जिंकली.

आण्णांना सांगितलं. "चूक झाली व्हय त्याच्याकडनं?" झाली. "आन् जितलं?" जितलं.

"मग घाल की त्यात."

पहाटे चारला उठायचं. दहा सेकंद जागा आहे.